गोळी दारात येते, तपासणी का नाही?

"ताई, गोळ्या खाल्ल्या तर पिशवीचा कॅन्सर होते म्हणतात, खरं का?" कुरखेडा तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो. आपल्यापैकी काहीजणी ‘होतो’ म्हणून मोकळ्या होतात. १९८६ मध्ये नेट-एन इंजेक्शनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या चळवळीच्या आपण वारसदार. संप्रेरकांविषयीचा संशय आपल्यात मुरलेला आहे आणि तो उगाच नाही. दुसरीकडून ‘काही होत नाही, घे’ असं उत्तर मिळतं. दोन्ही उत्तरं अर्धी आहेत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं मूळ एचपीव्ही या विषाणूत आहे. लैंगिक संबंधातून तो बहुतेकींना कधी ना कधी होतो आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडतो, आणि तिथे संप्रेरकांचा संबंध येतो. इस्ट्रोजेन रक्तातून अंगभर फिरतं, पण काम करतं ते त्याचा ग्राही असलेल्या पेशीतच. कुलूपच नसेल तर किल्ली काय करणार? विषाणूची जनुकं घातलेल्या उंदरांच्या माद्यांमधला हा ग्राही काढून टाकला, तेव्हा त्यांना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला नाही. बाईचं शरीर म्हणजे उंदीर नव्हे, हे खरं. पण २४ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००७ मध्ये जे प्रसिद्ध झालं ते बायकांबद्दलचंच आहे: मिश्र संप्रेरकांची गोळी पाच वर्षांहून जास्त घेत असलेल्या स्त्रियांत हा धोका जवळजवळ दुप्पट दिसला; गोळी थांबवल्यावर तो उतरत गेला आणि दहा वर्षांनी कधीच गोळी न घेतलेल्या स्त्रीइतका झाला.

म्हणून गोळ्या फेकून द्यायच्या का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. जास्त बाळंतपणांनीही हा धोका वाढतो. गोळीला कधी हात न लावलेली, पाच लेकरांची आई त्याच रांगेत उभी आहे, आणि नको असलेल्या गरोदरपणाचे इतर धोके वेगळेच.

माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. माला-एन आशाताई घरी आणून देते. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात अंतरा इंजेक्शन आहे. इस्ट्रोजेनच्या ग्राहीवरच काम करणारी, पण स्वतः संप्रेरक नसलेली छाया गोळीही आहे. मूल होऊ न देण्याची सोय उंबऱ्यापर्यंत येते. त्याच बाईचं गर्भाशयमुख बघायला कोणी येत नाही. आपल्याच गडचिरोलीत, वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हे १९८९ मध्ये छापून आलं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही नव्हत्या!

उपाय ठाऊक नाही असं नाही. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या रोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. तेवढं जमत नसेल तर व्हिनेगर लावून मिनिटभर थांबून बघण्याची पद्धत आहेच. प्रशिक्षित नर्सला ती करता येते.

तेव्हा उपकेंद्रात गोळ्या-इंजेक्शनची नोंद ठेवतात, त्याच वहीत तिशीपुढच्या प्रत्येकीच्या तपासणीची तारीख लिहिली जावी, अशी मागणी आपण ग्रामसभेतून करू या. तपासणी बाईनेच करावी, आडोशाला. आणि जिच्यात दोष सापडेल तिला गडचिरोलीला जायचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळावी. नाहीतर रोवणीच्या दिवसांत ती जाणार नाही, आणि आपण म्हणू, बायका अडाणी आहेत.