लंगोट स्वस्त, खुराक महाग

कुस्ती हा गरिबाचा खेळ, असे सत्कारसभांतून वारंवार ऐकविले जाते. लंगोट बांधला, तालमीच्या मातीत उतरले की झाले! कऱ्हाटीतील जिरायत गावांत हे कोणी मानणार नाही. तेथे खर्च साधनांचा नाही, खुराकाचा आहे; दूध, तूप, बदाम, आणि तोही रोजचा. नवशिक्या पोराला जत्रेच्या फडात मिळते ती रेवड्यांवरची कुस्ती. तिच्यातून बदाम येत नाहीत.

नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरची बागायत आणि जिरायत अशी फाळणी केली, तीच तालमीतही उतरली आहे. जिरायतदाराच्या गोठ्यात दूध नसते असे नाही; पण ते डेअरीला जाते आणि त्यावर घरचा बाजार होतो. पोराला पैलवान करायचे, तर तो बाजारच त्याच्या पेल्यात ओतावा लागतो.

1952 साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले. 2024 साली नेमबाज स्वप्नील कुसाळे यांना पॅरिसमधील कांस्यपदकानंतर शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले. ते योग्यच. परंतु ही थैली शेवटच्या पायरीवरची. क्रीडा प्रबोधिनीचे दारही निवड झालेल्यांसाठीच. निवडीजोगे अंग कमावीपर्यंत पोराने खावे काय?

माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती हे कारखाने आणि दूध संघ याच मुलखात उभे आहेत. जिल्हा परिषदेसह त्यांनी जिरायत गावांच्या तालमींना रोजचे दूध द्यावे. चांदीच्या गदा आणि फेटे मागाहून.