बिब्ब्याचा चुलतभाऊ

मुंबईला गेलेली आपली मंडळी गेटवे ऑफ इंडिया बघतात, राणीची बाग बघतात, महालक्ष्मी आणि सिद्धिविनायकाचे दर्शन घेतात. गेटवेपासून पायी दहा मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. त्याचा घुमट सगळे बाहेरून बघतात, आत फार थोडे जातात. जे जातात ते मूर्ती आणि हत्यारे बघून परततात. चीन-जपानच्या वस्तूंपाशी आले की म्हणतात, "हे परदेशी, आपल्याला काय कळणार?" माझे म्हणणे उलट आहे. शहरातल्या माणसापेक्षा शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला तिथे जास्त कळेल.

आधी हे सामान आले कोठून ते सांगतो. इमारतीची पायाभरणी १९०५ साली झाली आणि संग्रहालय लोकांसाठी १९२२ साली उघडले. चिनी-जपानी वस्तूंचा मोठा भाग सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा या भावांनी जमवलेला. (हे रतन टाटा म्हणजे २०२४ साली वारले ते नव्हेत. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १९१८ साली वारले.) टाटांच्या घराण्याचा जपानशी संबंध आला तो कापसामुळे. जपानच्या सूतगिरण्यांना आपला कापूस हवा होता, पण इंग्रजी बोट कंपनी भाडे फार लावी. म्हणून जमशेटजींनी जपानी बोट कंपनीला हाताशी धरले आणि १८९३ साली मुंबई ते कोबे अशी बोट सुरू झाली. आपल्या शेतातला कापूस असा जपानच्या चात्यांवर गेला.

चिनी माती तर आपल्या घरातलीच. लोणच्याची बरणी ही काचेतल्या त्या भांड्यांची गरीब नातलग. आपल्या कुंभाराची भट्टी हजार अंशांच्या आत तापते, म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होते. चिनी कारागीर पांढरी माती आणि दगडाची भुकटी कालवून तेराशे अंशांच्या आसपास भाजत. मग ना पाणी झिरपते, ना मीठ खाते. जपानला ही विद्या सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कोरियातून आणलेल्या कुंभारांकडून मिळाली.

जपानी कोरीवकामात बोटाच्या पेराएवढ्या कोरलेल्या गाठी असतात, त्यांना नेत्सुके म्हणतात. धोतराला खिसा नसतो, तसा त्यांच्या किमोनोलाही नसे. आपण कनवटीला पैसे लावतो, चंची खोचतो. ते कमरपट्ट्यातून दोरी ओवून खाली तंबाखूची पिशवी लटकवीत आणि वर ही गाठ अडकवीत. तिच्यावर पुष्कळदा भाताच्या पोत्यावर बसलेला उंदीर कोरतात. तिकडे दाइकोकू नावाचा दोन पोत्यांवर उभा राहणारा देव आहे. तो मूळचा आपला महाकाळ, आणि उंदीर हा त्याचा सेवक. आम्ही शेतीखात्यातली माणसे उंदराला झिंक फॉस्फाइड घाला म्हणून सांगत फिरतो, ते त्या देवाला रुचणार नाही!

पण मला खरे सांगायचे आहे ते काळ्या चकचकीत लाकडी डब्यांबद्दल. लोक त्याला लाखकाम म्हणतात. आपली लाख पळस, बोर, कुसुम यांवरच्या किड्यापासून मिळते. ही तशी नव्हे. हा झाडाचा चीक आहे. त्या झाडाला जपानीत उरुशी म्हणतात आणि आंबा, काजू, चारोळी, बिब्बा यांच्याच कुळातले ते आहे. म्हणजे बिब्ब्याचा चुलतभाऊ. बिब्बा अंगावर उततो, आंब्याच्या चिकाने ओठ सोलतात, तसाच हा चीक उततो.

झाड दहा-पंधरा वर्षे वाढवायचे. मग जून महिन्यापासून दर चार-पाच दिवसांनी सालीवर आडवी खाच मारायची आणि चीक खरवडून घ्यायचा. हंगामाअखेर एका झाडाचा सगळा मिळून चहाचे दोन कप भरतील इतकाच. मग झाड तोडतात, बुंध्यातून फुटवे येतात. आणखी एक गंमत: आपला रंग उन्हावाऱ्यात वाळतो, हा चीक दमट हवेत घट्ट होतो. म्हणून कारागीर डबी ओलसर कपाटात ठेवतात. एक थर बसला की घासायचा, मग दुसरा. ऊन मात्र त्याला मानवत नाही. दालनात उजेड मंद का, ते यावरून कळावे.

आता ही झाडे लावणारेच तिकडे कमी झाले. जपानमध्ये लागणारा बहुतेक चीक चीनमधून येतो. जुन्या देवळांच्या दुरुस्तीला देशातलाच चीक वापरावा असे तिथल्या सरकारने २०१५ साली ठरविले, तेव्हा झाडे पुरेनात. आज लावलेले रोप दहा वर्षांनी चीक देणार, तोवर कारागिराने काय करावे?

आपल्याकडे बिब्बा बांधावर आला की आधी त्यावरच कुऱ्हाड चालते. धोब्याची न पुसणारी खूण त्याच फळाची. गोडंबी महाग विकली जाते, पण फळ फोडणाऱ्या बायांचे हात भाजतात आणि मजुरी तुटपुंजी मिळते. अहिल्यानगर जिल्ह्यात लागवडीच्या यादीत बिब्बा मागणारा शेतकरी मला अजून भेटायचा आहे.

मुंबईला जाल तेव्हा पोरांना घेऊन आत जा. चीन-जपानचे दालन कुठे, ते दारावरच विचारावे. हात लावू देत नाहीत, काचेतूनच बघावे लागते. काळी डबी दिसली तर तिच्या कडेपाशी उभे राहा. एखादा टवका उडालेला असेल तर थर किती पातळ आहेत ते दिसते.