समजून घ्या : अमेरिकेतील डेंटल कॉलेजांत कृष्णवर्णीय प्राध्यापक इतके कमी का?

हार्वर्डच्या डेंटल स्कूलमधून १८७० मध्ये जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट हा कृष्णवर्णीय तरुण पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे शिकवू लागला. दुभंगलेल्या टाळूवरील उपचारांत त्याने नाव कमावले. दीडशे वर्षे उलटली, तरी अमेरिकेतील डेंटल कॉलेजांत कृष्णवर्णीय प्राध्यापक लोकसंख्येच्या मानाने कमीच आहेत.

अडते कुठे?
अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १४ टक्के, पण डेंटिस्टमध्ये जेमतेम ४ टक्के. प्राध्यापक येणार यातूनच. देशात ७० हून अधिक डेंटल स्कूल असली, तरी कृष्णवर्णीय डेंटिस्ट घडवण्याचा मोठा भार हॉवर्ड (१८८१) आणि मेहॅरी (१८८६) या दोनच संस्थांनी अनेक दशके वाहिला.

त्यात पैशाचे गणित. पदवी घेताना सरासरी कर्ज ३ लाख डॉलरच्या आसपास असते आणि प्रॅक्टिसमध्ये कमाई शिकवण्यापेक्षा जास्त. घरून पाठबळ नसलेल्याला अध्यापन परवडणार कसे?

भारतीयांचा संबंध काय?
भारतातून बीडीएस करून अनेक जण अमेरिकेत जातात, तिथे दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुन्हा करतात. त्यातले काही पुढे शिकवूही लागतात. हे यश त्यांच्या कष्टाचेच. मात्र ‘गोरे नसलेले’ सगळे एकाच रकान्यात मोजले, की विविधतेचा आकडा फुगतो आणि कृष्णवर्णीयांची तूट त्याआड लपते.

फरक काय पडतो?
सावळ्या-काळ्या त्वचेच्या अनेकांच्या हिरड्या मुळातच गडद असतात. हा आजार नव्हे, हे विद्यार्थ्याला क्लिनिकमध्ये कोणीतरी दाखवावे लागते. कोणताही चांगला शिक्षक ते दाखवू शकतो. पण ‘मीही इथे शिकवू शकतो’ हा विश्वास समोर आपल्यासारखे कोणी उभे असले, की लवकर येतो.

उपाय काय?
वंश पाहून प्रवेश देण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बंद केली. नोकरीत वंशावरून भेदभाव करण्यास १९६४ चा नागरी हक्क कायदा मनाई करतो. कर्जाचे ओझे हलके करणे मात्र कोणत्याही कायद्यात अडत नाही. शिकवणाऱ्या डेंटिस्टच्या कर्जफेडीला मदत करणारी केंद्रीय योजना तिथे राबवली गेली आहे. ती वाढवायला हवी. शिवाय प्रत्येक कॉलेजने कोणत्या गटाचे किती जण कोणत्या पदावर आहेत, हे वेगवेगळे जाहीर करावे. माहितीपत्रकावरचा रंगीबेरंगी फोटो म्हणजे विविधता नव्हे.