प्रायश्चित्त एकाचे, गोदान दुसऱ्याचे

आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना ज्या देशाच्या 1937 सालच्या घटनेवरून घेतली गेली आणि ज्याच्या होमरूल चळवळीचे नाव टिळकांच्या पिढीच्या तोंडी सदैव असे, त्या आयर्लंडच्या विधिमंडळात गेली जवळजवळ वीस वर्षे एक वाद अधूनमधून उपस्थित होत आला आहे. वरकरणी हा वाद धुराच्या खरेदीविक्रीचा, म्हणजे कोणाही व्यवहारी गृहस्थाला हास्यास्पद वाटावा असा आहे. परंतु एका वर्गाच्या कृत्याची भरपाई सकल रयतेच्या तिजोरीतून करण्याचा अधिकार सरकारला कितपत पोहोचतो, हा राज्यकारभारातील जुनाच प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

1997 च्या क्योटो करारान्वये युरोपीय संघाने आपले उत्सर्जन सामुदायिकपणे 8 टक्क्यांनी घटवण्याचे मान्य केले; मात्र अंतर्गत वाटणीत आयर्लंडला सवलत देऊन 1990 च्या मानापेक्षा 13 टक्के अधिक उत्सर्जनाची मुभा 2008 ते 2012 या पाच वर्षांसाठी ठेवण्यात आली. सवलत उदार होती. पण नव्वदीच्या दशकात त्या देशात अशी काही आर्थिक भरभराट झाली, रस्त्यांवर मोटारींची आणि माळरानांवर नव्या वसाहतींची इतकी दाटी झाली, की ती मुदत सुरू होण्याच्या आधीच मर्यादा ओलांडली जाणार हे उघड झाले. अशा वेळी सरकारपुढे दोन मार्ग होते. इंधनावर कर बसवावा, म्हणजे जो जाळील तो भरील, हा एक. आणि इतर देशांकडून उत्सर्जनाचे परवाने रोख रक्कम मोजून विकत घ्यावे, हा दुसरा. पैकी पहिल्या मार्गाची तजवीज बरीच पुढे गेलेली असता सप्टेंबर 2004 मध्ये अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी ती गुंडाळून ठेवली. दुसऱ्या मार्गासाठी मात्र 2007 साली कार्बन निधीचा स्वतंत्र कायदा संमत झाला आणि राष्ट्रीय विकास आराखड्यात 27 कोटी युरोंची तरतूद करण्यात आली. दरसाल सुमारे 36 लाख टन, पाच वर्षे, आणि टनाला 15 युरो असा तो साधा गुणाकार होता.

या खरेदीचे मुखत्यारपत्र कोणाला मिळाले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1990 साली राष्ट्राचे कर्ज सांभाळण्यासाठी जी कचेरी स्थापन झाली होती, तिलाच धुराचे परवाने विकत घेण्याचे काम सांगण्यात आले. धूर हेही एक देणेच, आणि देणी फेडण्याचा अनुभव त्याच कचेरीला, हा विचार हिशेबाच्या दृष्टीने बिनचूक होता. फक्त ते देणे कोणी करून ठेवले, हे विचारण्याचे काम तिच्याकडे नव्हते.

आपल्या धर्मशास्त्रकारांना ही अडचण परिचित होती. प्राजापत्य कृच्छ्र म्हणजे बारा दिवसांचे व्रत. त्यात तीन दिवस केवळ सकाळी, तीन दिवस केवळ रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढे खावे, आणि शेवटचे तीन दिवस उपाशी राहावे. ज्याच्याने हे निभत नसेल त्याने प्रत्याम्नाय म्हणून गाय द्यावी, आणि गायही नसेल तर तिचे मोल द्यावे, अशी पुढे सोय झाली. या सोयीची टवाळी करणे सोपे आहे. परंतु ज्याच्या हातून पातक घडले त्याच्याच गोठ्यातली गाय सुटली पाहिजे, एवढा दंडक तरी शास्त्राने सोडला नाही. आयर्लंडने प्रत्याम्नाय स्वीकारला, आणि गाय मात्र राज्याच्या मध्यवर्ती निधीतून सोडली.

परवान्यांच्या खरेदीच्या बाजूने जे प्रतिपादन केले जाते ते क्षुल्लक नाही. वातावरणाला राष्ट्रांच्या सरहद्दी ठाऊक नसतात. एक टन वायू डब्लिनमध्ये कमी झाला काय किंवा धुळ्याच्या पठारावरील पवनचक्कीमुळे कमी झाला काय, परिणाम एकच. मग जेथे स्वस्तात होईल तेथे करावा, हा युक्तिवाद मला मूलतः मान्य आहे. महाराष्ट्रातील पवनऊर्जेच्या अनेक प्रकल्पांची क्योटोच्या यंत्रणेत नोंद झाली होती, त्यामुळे असल्या खरेदीला आपण सरसकट नाके मुरडणे शोभणारे नाही. परंतु त्याच यंत्रणेत, शीतकरणाचे रसायन बनवताना निघणारा एचएफसी-23 नावाचा वायू केवळ जाळून टाकल्याबद्दल कारखान्यांना इतके विपुल परवाने मिळू लागले की मूळ रसायनापेक्षा त्याचा केरच किफायतशीर ठरावा. 2013 पासून युरोपीय संघाने आपल्या बाजारात ते परवाने घेणेच बंद केले. सोव्हिएत साम्राज्य कोसळल्यावर रशिया आणि युक्रेन यांचे कारखाने बंद पडले, त्यातून जे परवाने शिल्लक राहिले त्यांच्या पाठीमागे तर कोणाचाही काडीइतका प्रयत्न नव्हता.

डब्लिनच्या सभागृहात, ज्याला तेथे डॉल म्हणतात, 2007 च्या आरंभी या खरेदीवर टीका करणाऱ्यांत हरित पक्ष होता, आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात तो पक्ष सत्तेचा भागीदार होऊन पर्यावरण खाते त्याच्या जॉन गॉर्मली यांच्याकडे आले. राजकारणात असे प्रसंग नवे नाहीत. लौकरच आर्थिक मंदी आली, बांधकामे थांबली, उत्सर्जन आपोआप खाली आले आणि खरेदीही थांबली. जे परवाने 2008 मध्ये 15 युरोंहून अधिक भावाने विकले जात होते ते 2012 च्या अखेरीस एका युरोलाही महाग झाले. या सर्व प्रकरणातील खरी कमाई निराळी आहे. डिसेंबर 2009 मध्ये अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांनी, मंदीत सापडलेल्या खजिन्याच्या गरजेपोटी का होईना, इंधनावर कार्बन कर बसवला, आणि त्याचा आरंभीचा दर टनाला 15 युरो हाच होता. म्हणजे जो भाव करदात्याने परदेशी विक्रेत्याला द्यावा असे पूर्वी योजले होते, तोच आता जाळणाऱ्याने स्वदेशाच्या तिजोरीत भरावा असे ठरले. हा दर वर्षागणिक वाढवत 2030 पर्यंत 100 युरोंवर नेण्याचा कायदा पुढे 2020 मध्ये झाला.

तथापि जुनी सवय सहजासहजी सुटत नाही. 2020 पर्यंत वाहतूक, शेती, घरे आदी क्षेत्रांतील उत्सर्जन 2005 च्या तुलनेत 20 टक्क्यांनी घटवायचे होते. ते साधले नाही, आणि जानेवारी 2023 मध्ये सरकारने स्लोव्हाकियाकडून सुमारे 41.5 लाख टनांचे परवाने 29 लाख युरोंना घेण्याचे जाहीर केले. टनाला 70 सेंट पडले. याच स्लोव्हाकियाच्या सरकारने 2008 मध्ये निराळ्या प्रकारचे दीड कोटी टनांचे परवाने टनाला पाच युरोंच्या आसपास एका अपरिचित कंपनीला विकले, तेव्हा राष्ट्राची मालमत्ता कवडीमोलाने गेली म्हणून तेथे गदारोळ होऊन पर्यावरणमंत्र्याला पायउतार व्हावे लागले होते. ज्या वस्तूच्या किमतीचा ठाव असा लागत नाही, ती मिळेलच या भरवशावर राष्ट्राचे धोरण आखणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

स्वस्त सौदा झाल्यामुळे मुख्य प्रश्न पुन्हा बाजूला राहिला. आयर्लंडच्या उत्सर्जनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग शेतीतून येतो. तेथील गुरांची संख्या माणसांपेक्षा मोठी आहे, आणि 2015 मध्ये युरोपीय दूध-कोटा उठल्यावर दुभत्या गाईंची खिल्लारे आणखी वाढली. या गाईंच्या मिथेनवर कर नाही. शेतकऱ्यावर तो एकाएकी लादावा असे मी म्हणत नाही. कोणत्याही देशाच्या सरकारला तसे करताना दहादा विचार करावा लागेल. परंतु न लादण्याचा निर्णय घेतला, तर त्याची किंमत किती आणि ती कोण भरणार, हे अंदाजपत्रकात नाव घेऊन लिहिले पाहिजे. वाहतुकीच्या वाट्याला इतकी, शेतीच्या वाट्याला इतकी, घरांच्या वाट्याला इतकी, असा खातेवार जमाखर्च सभागृहापुढे आल्याविना खरेदीला मंजुरी मिळू नये. मार्च 2025 मध्ये तेथील वित्तीय सल्लागार परिषद आणि हवामान बदल सल्लागार परिषद यांनी मिळून इशारा दिला, की 2030 पर्यंतची युरोपीय बंधने चुकल्यास देशाला 800 कोटी ते 2,600 कोटी युरो मोजावे लागतील. इतकी रक्कम 70 सेंटांच्या सौद्यांनी भागणारी नव्हे.

आपल्याकडे कार्बन परवान्यांच्या बाजाराला अधिष्ठान देणारे ऊर्जा संवर्धन दुरुस्ती विधेयक लोकसभेने ऑगस्ट 2022 मध्ये आणि राज्यसभेने त्याच वर्षीच्या डिसेंबरात संमत केले. यात मर्यादा ओलांडणाऱ्या कारखान्याने स्वतःच परवाने विकत घ्यायचे आहेत, सरकारी तिजोरीने नव्हे. या बाबतीत आपला कायदा आयर्लंडच्या 2007 च्या कायद्याहून सरस आहे. परंतु ज्या उद्योगांवर हे बंधन येत आहे त्यांत ॲल्युमिनियमसारखे उद्योगही आहेत, आणि त्यांतील काही सरकारी मालकीचे आहेत. अशा कारखान्याने परवाने घेतले तर ती रक्कम त्याच्या नफ्यातून गेली, मालाच्या भावात चढली, की अनुदानाच्या वाटेने पुन्हा करदात्याच्या माथी आली, याचे कारखानावार विवरणपत्र दरसाल संसदेच्या पटलावर ठेवले जावे, अशी मागणी महाराष्ट्रातील खासदारांनी येत्या अधिवेशनातच करावी.