नवी मुंबई विमानतळावर चेहरा दाखवला की गेट उघडतं, पण त्या चेहऱ्याच्या माहितीचा हिशेब कोण मागणार?

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. इतर मोठ्या विमानतळांप्रमाणे इथेही ‘डिजीयात्रा’ आहे. ॲप घ्यायचं, आधारवरून ओळख पटवायची, सेल्फी काढायचा. मग गेटवरचा कॅमेरा चेहरा ओळखतो आणि तुम्ही आत. ओळखपत्र काढायची कटकट नाही.

मग यात अडचण काय आहे?

ही सरकारी पाळत आहे का?

सरसकट तसं म्हणता येणार नाही. सरकार सांगतं की डिजीयात्रा ऐच्छिक आहे, माहिती तुमच्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते.

पण हे खरंच होतंय का, हे तपासायचं कोणी? ही यंत्रणा डिजीयात्रा फाउंडेशन चालवतं. २०१९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत सरकारी विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के आहे, बाकीचा विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांचा. त्यामुळे ती माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही, अशी भूमिका घेतली गेली आहे. शिवाय २०२१ च्या डिजीयात्रा धोरणात एक वाट मोकळी ठेवली होती: सुरक्षेच्या कारणासाठी माहिती पुसण्याची मुदत बदलता येईल आणि ती सरकारी यंत्रणांना देता येईल.

कायदा काय सांगतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा असेल, तर त्यासाठी कायदा हवा, योग्य कारण हवं आणि उपाय गरजेपुरताच हवा. डिजीयात्रेसाठी संसदेने वेगळा कायदा केलेला नाही. ती धोरणावर चालते.

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. पण देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला त्यातून सूट देऊ शकतं. म्हणजे नियम कंपन्यांना लागू, पण सरकारी यंत्रणेला सूट मिळू शकते.

कोर्टात जाऊन उपयोग होतो का?

होतो. मुंबईतल्या एका उद्योजकाचे फोन लाचेच्या प्रकरणात सीबीआयने टॅप केले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते आदेश रद्द केले. सार्वजनिक आणीबाणी किंवा जनतेची सुरक्षितता, यापैकी एकही अट पूर्ण होत नव्हती. रेकॉर्डिंग नष्ट करायलाही कोर्टाने सांगितलं. पण आदेश २००९-१० चे होते आणि निकाल यायला २०१९ उजाडलं.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’

हा मुद्दा नेहमी येतो. पण खासगीपणा फक्त गुन्हा लपवणाऱ्यांसाठी नसतो. आजार, पगार, मैत्री, मत यातलं कोणाला काय सांगायचं, हे आपण ठरवतो. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.

आणि एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला लागते. आधार आठवा. ‘ऐच्छिक’ म्हणून आलेलं आधार पुढे बँक खातं आणि सिमकार्डासाठी सक्तीचं झालं. ती सक्ती रद्द करायला सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाला निकाल द्यावा लागला.

आपण काय करू शकतो?

डिजीयात्रा वापरायची की नाही, हे तुम्ही ठरवा. तिकीट आणि ओळखपत्र दाखवून नेहमीच्या रांगेतून जाता येतं. गेटवर कोणी फोटो काढायला सांगितलं, तर ‘हे डिजीयात्रेसाठी आहे का?’ असं विचारा आणि नको असेल तर नाही म्हणा. साधी रांग वापरणारे लोक असतील, तोवरच ती रांग ठेवावी लागेल.