पांढरी शाई अडते तेव्हा



या सदरात आपण बहुधा बियाणे, फवारणी आणि गोठा यांविषयी बोलतो. आजचा विषय निराळा असला तरी तोही घरच्या जोडधंद्याचाच आहे. अलीकडे गावोगावची शिकलेली मुले-मुली टी-शर्टवर चित्रे छापून देण्याचा धंदा करू लागली आहेत. दिंडीचे, गणेश मंडळाचे, कबड्डीच्या संघाचे कपडे आता तालुक्याला न जाता गावातच होतात. नवे मोठे यंत्र परवडत नाही, म्हणून एप्सनच्या एल १८०० सारखा सहा रंगांचा फोटो-प्रिंटर घेऊन त्यात फेरफार करतात. चार टाक्यांत रंगीत आणि दोन टाक्यांत पांढरी शाई भरतात. चित्र फिल्मवर छापायचे, त्यावर चिकट भुकटी टाकून ती तापवायची, आणि प्रेसने ते कापडावर बसवायचे. याला डीटीएफ म्हणतात.

तक्रार सगळीकडून एकच येते. चित्र निम्म्यापर्यंत झकास उमटते आणि पुढे पांढरा रंग फिका होत जातो. एका घरी मुलाची आई म्हणाली, "साहेब, पोरगं दिवसभर मशीन धूत बसतं, अन् त्यातच शाई संपते." सोयाबीनचे पैसे घालून यंत्र आणलेले आणि आषाढीच्या दिंडीची ऑर्डर अंगावर. अशा वेळी विकणारा म्हणतो, हेड गेले, नवे टाका. हेडला मोठी रक्कम मोजावी लागते, आणि यंत्रात फेरफार केल्यावर मूळ कंपनीची हमीही राहत नाही. म्हणून खिशात हात घालण्यापूर्वी दोष नक्की कोठे आहे ते पाहावे.

ज्याने ठिबक चालवले आहे त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. झाडाला पाणी मिळत नाही तेव्हा एक तर ड्रिपर तुंबलेला असतो, नाही तर मागून पाणीच येत नसते. ड्रिपर तुंबला तर तेच झाड रोज कोरडे राहते. मागून पाणी कमी पडले तर सुरुवातीला सगळे ठीक चालते आणि मग ओळीच्या ओळी कोरड्या पडतात. इथेही तसेच आहे. पांढरी शाई पांढऱ्या कागदावर दिसत नाही, म्हणून नोझल-चेक फिल्मवर काढून काळ्या कापडावर धरावा. लगेच पांढऱ्या रंगाचा एक मोठा भरीव चौकोन छापावा आणि पुन्हा नोझल-चेक काढावा. दोन्ही वेळा त्याच रेघा तुटल्या तर छिद्रे तुंबली आहेत. आधी पूर्ण असलेल्या रेघा नंतर तुटल्या, आणि दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर आपोआप परत आल्या, तर हेड ठणठणीत आहे. शाई मागून येत नाही.

माझ्या पाहण्यात दुसरा प्रकारच अधिक. त्यात प्रथम टाकीचे हवेचे छिद्र पाहावे. टोपण घट्ट बसले असेल तर आत हवा शिरत नाही आणि शाई ओढली जात नाही. मग नळीत बुडबुडे आहेत का, ती कोठे दुमडली आहे का, हे पाहावे. टाकीतील शाईची पातळी हेडच्या तोंडापेक्षा थोडी खाली असावी. फार खाली गेली तर हवा शिरते, वर ठेवली तर शाई ठिबकते. एवढे करूनही सुधारणा नसेल तर डँपर बघावा. हेडच्या वर बसणारी ही छोटी डबी म्हणजे या यंत्राची जाळीची गाळणी, आणि पांढऱ्या शाईची ती सर्वांत आधी चोंदते. यंत्र बंद करून, प्लग काढून, डँपर सोडवावा व त्याच्या तोंडाला सिरिंज लावून शाई हळूहळू ओढावी. बुडबुड्यांविना धार आली तर ठीक. जोर लावूनही येत नसेल तर डँपर बदलावा. तो हेडच्या मानाने अगदी स्वस्त असतो. शाईचा थेंब हेडच्या पट्टीदार केबलवर पडू देऊ नये. ओल्या केबलवर वीज दिली की हेड आणि सर्किट दोन्ही जळू शकतात.

पांढरीच का अडते, असे विचाराल. तिच्यातील टायटॅनियम डायॉक्साइडची भुकटी पाण्याच्या सुमारे चौपट जड असते. औषधाची पावडर पंपात तळाला बसते तशी ती बसते. म्हणून रोज सकाळी टाकीतील शाई हलक्या हाताने ढवळावी. फेस येईल इतकी घुसळू नये. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया एकत्र करू नयेत.

छिद्रेच तुंबली असतील तर डीटीएफ शाईचेच सफाईचे द्रावण हेड जेथे विसावते त्या रबरी कॅपमध्ये भरून काही तास हेड त्यावर ठेवावे. विहिरीचे पाणी किंवा थिनर वापरू नये. पाण्यातले क्षार छिद्रात बसतात. हेडमध्ये सिरिंजने जोराने द्रावण घुसवणे म्हणजे ते हाताने फोडणेच. हेड-क्लीनिंग दोन-तीनदा करून फरक पडला नाही तर थांबावे. त्यापुढे नुसती शाई जाते, आणि कॅपची कड खराब असेल तर उलट हवाच ओढली जाते. द्रावण कॅपमध्ये तसेच साचून राहिले तर पंपाची नळी तुंबली आहे असे समजावे.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र भारनियमन. छपाई चालू असताना वीज गेली की हेड कॅपबाहेर उघडे राहते, आणि पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत ते पाहता पाहता सुकते. चालू चित्र पुरे करून बटणाने यंत्र बंद करता येईल एवढा यूपीएस घ्यावाच. भिंतीवरचे बटण दाबून यंत्र बंद करण्याची सवय मोडावी. खोलीत पाण्याचे भांडे ठेवावे, पण कूलरचा झोत यंत्रावर सोडू नये.

सुगीत आठवडाभर छपाई बंद राहणार असेल तर पांढऱ्या दोन्ही नळ्यांतली शाई काढून त्यांत सफाईचे द्रावण भरून ठेवावे. तेवढे जमणार नसेल तर घरातील कोणी तरी रोज संध्याकाळी एक नोझल-चेक काढावा. शेतावरून आल्यावर पाच मिनिटांचे काम आहे.