'डिझर्व्हिंग' म्हणजे कोण?



दर रविवारी सकाळी बुद्धवंदना आटोपली की आमच्या वस्तीतील विहारात इंग्रजीचा वर्ग भरतो. सातवीपासून बारावीपर्यंतची पंधरा-वीस मुले-मुली सतरंजीवर बसतात. शिकवणारा मी. कॉमर्सचा पदवीधर, कचेरीत कारकून. माझे इंग्रजी फाईलींवर वाढलेले. तरी आयाबाया मोठ्या विश्वासाने मुलांना पाठवतात आणि मुले मला दर आठवड्याला काहीतरी शिकवून जातात.

मागे एकदा फळ्यावर लिहिले, 'फेअर प्राईस शॉप'. म्हटले, मराठीत सांगा. आठवीतला एक पोरगा हात वर करून म्हणाला, "गोऱ्या किमतीचं दुकान!" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. गल्लीच्या तोंडाशी रेशनचे दुकान आहे, त्यावर 'रास्त भाव दुकान' अशी पाटी आहे, त्याच्या घरचा गहू-तांदूळ तिथूनच येतो. पण 'फेअर' हा शब्द त्याला पाटीने शिकवला नव्हता, टीव्हीवरच्या क्रीमच्या जाहिरातीने शिकवला होता. न्याय्य हा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, गोरा हा अर्थ मात्र जेवताना, अभ्यास करताना, दिवसातून दहा वेळा पोचला. त्याची आई सायंकाळी मला विचारते, "काय हो भाऊ, इंग्रजीतसुद्धा गोऱ्यालाच चांगलं म्हणतात का?" मी म्हटले, वहिनी, तसेच काहीसे झाले आहे खरे. पूर्वी त्या शब्दाचा अर्थ सुंदर असा होता, पुढे तो गोऱ्या रंगालाही चिकटला.

दुसरा शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इंग्रजी वर्तमानपत्रातील एक बातमी वाचायला दिली होती. जगाने वाळीत टाकलेल्या एका देशाबद्दल ती होती आणि त्यात 'परायह' हा शब्द आला. एका मुलीने त्याचा उच्चार केला, "पराया". आणि अर्थही सांगून टाकला, "परका, सर. मुलगी पराया धन असते तसं." हिंदी सिनेमाने शिकवलेला शब्द तिने इंग्रजीला लावला आणि अर्थ जवळपास बरोबर निघाला! उच्चारही चुकला नव्हता.

पण मूळ वेगळेच आहे. हा शब्द इंग्रजांनी तामिळ मुलुखातून उचलला. 'पराई' म्हणजे ढोल. तो वाजवणारी जात ती परैयर, तिकडची अस्पृश्य जात. (आपल्याकडे हलगी-डफ कोणाच्या गळ्यात अडकवला होता हे वाचकांना सांगायला नको.) त्या माणसांच्या जातीचे नाव इंग्रजीत गेले आणि बहिष्कृत, तिरस्करणीय असा त्याचा सर्वसाधारण अर्थ झाला. बेवारस कुत्र्यालाही इंग्रजीत तेच नाव लावले गेले. आज शिकलेसवरलेले संपादक तो शब्द सहज लिहितात. तो लिहिणाऱ्याच्या मनात जातीचा विचारही नसेल. पण वाचणारा कोण आहे यावर शब्द किती टोचतो हे ठरते.

मुलांना मग रेट्टमलै श्रीनिवासन यांची गोष्ट सांगितली. १८९३ साली या गृहस्थाने मद्रासमध्ये नियतकालिक काढले आणि त्याला नाव दिले 'परैयन'. ज्या नावाने लोक हिणवत होते तेच त्यांनी मथळ्यावर छापले. पुढे १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेला बाबासाहेबांबरोबर आपले प्रतिनिधी म्हणून गेले ते हेच श्रीनिवासन. बाबासाहेबांनीही १९२७ साली आपल्या पत्राला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले होते. आपण आपले नाव घेणे वेगळे, दुसऱ्याने ठेवणे वेगळे. १९३१ साली या दोघांनी परिषदेला जे पुरवणी निवेदन दिले, त्यात 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव मानहानिकारक आहे, ते बदला, अशीही मागणी होती. तिकडे मतदारसंघांचा, प्रतिनिधित्वाचा एवढा मोठा झगडा चालू असताना ही माणसे एका शब्दासाठी स्वतंत्र कलम लिहितात! पुढे १९३५च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हे नाव आले. आणि १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालू लागले तेव्हा बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

वर्गात बारावीची एक मुलगी आहे. हुशार, अबोल. मी मुलांना एक वही घालायला सांगितली आहे. वाचताना नवा शब्द आला की आधी डिक्शनरी उघडायची नाही, चार-पाच वाक्यांत तो कसा वापरला आहे ते पाहून अर्थ स्वतः काढायचा. तिने वर्तमानपत्रातील आरक्षणावरचे लेख आणि वाचकांची पत्रे नेटाने वाचली होती. तिच्या वहीत लिहिले होते :

क्वोटा : आपण.
डिझर्व्हिंग : ओपनवाले.

मी ती वही हातात घेऊन बराच वेळ बसलो. रागावू कोणावर? मी सांगितले तसेच तिने केले होते. जिथे जिथे 'डिझर्व्हिंग कँडिडेट' आला तिथे तिथे तो क्वोट्याच्या विरुद्ध बाजूला उभा होता. मग तिने दुसरा कोणता अर्थ काढावा? डिक्शनरीत लायक, पात्र असा अर्थ आहे. दहावीला चौऱ्याऐंशी टक्के मिळवलेली ही पोरगी त्या शब्दात स्वतःला शोधायलासुद्धा गेली नाही.

काही जण म्हणतील, मग इंग्रजी पेपर देताच कशाला? मराठी पेपरांतील 'गुणवत्ता' हा शब्द काय वेगळे करतो ते त्यांनी आधी पाहावे. आणि इंग्रजी सोडून आपल्याला चालणार नाही. सावित्रीमाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला तो उगीच नव्हे. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तो मराठीत, आपल्या माणसांशी बोलायला. सरकारशी आणि जगाशी भांडायला त्यांनी इंग्रजी वापरले.

तेव्हापासून मी एक बदल केला. पेपरच्या उताऱ्याशेजारी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मधील एक उतारा देतो. लाहोरच्या मंडळाने भाषण रद्द केले तेव्हा बाबासाहेबांनी १९३६ साली ते स्वखर्चाने छापले, हेही सांगतो. मुलांना अवघड जाते, वाक्ये लांब आहेत. मी फक्त एवढेच विचारतो, या वाक्यात कर्ता कोण आणि कर्म कोण? पेपरात बहुधा आपण कर्म असतो. आपल्यावर हल्ला होतो, आपल्याला सवलत दिली जाते. कर्त्याचा पत्ता नसतो. पॅसिव्ह व्हॉईसची ही सोय मी वीस वर्षे कचेरीत पाहतो आहे. बाबासाहेबांच्या वाक्यांत मात्र जाब विचारणारा आपला माणूस असतो आणि उत्तर दुसऱ्याला द्यायचे असते.

गेल्या महिन्यात त्याच मुलीच्या शिष्यवृत्तीचा हप्ता जमा झाला नाही आणि कॉलेजने तिच्याकडे फी मागितली. तिने प्राचार्यांना इंग्रजीत अर्ज लिहिला आणि मला दाखवायला आणला. सुरुवात होती, 'आय बेग टू रिक्वेस्ट यू'. हे वाक्य तिला मीच शिकवले होते. मला माझ्या साहेबांनी शिकवले, त्यांना त्यांच्या साहेबांनी. बेग म्हणजे भीक मागणे, हे आम्ही कोणी मनावरच घेतले नव्हते. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाईसरॉयपुढे निवेदन ठेवून आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसा मागितला, त्या मागणीतून ही शिष्यवृत्ती उभी राहिली. आणि मी पोरीला तिच्यासाठी भीक मागायला शिकवतो!

मी पेनाने ते वाक्य खोडले. तिने जरा विचार करून वर लिहिले, 'आय अ‍ॅम एन्टायटल्ड टू'. मी हक्कदार आहे.

खरे सांगतो, क्षणभर माझाच हात थबकला. कारकुनाचा हात तो. प्राचार्यांना उद्धट तर वाटणार नाही? तिचे वडील बाजूलाच उभे होते. त्यांनी विचारले, "भाऊ, काय लिहिलं तिनं?" मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, "मग असू द्या की तसंच."

अर्ज तसाच गेला. उत्तर अजून आलेले नाही. सोमवारी तिच्याबरोबर मी स्वतः कॉलेजात जाणार आहे.